दुखत नसलेली डावी दाढ आणि फिलिंग निघालेली उजवी

तुमचा प्रश्न दोन दाढांचा आहे, आणि तुम्ही ज्या दाढेबद्दल ओझरतं लिहिलंय तिची मला जास्त काळजी वाटते. आधी तुम्ही सांगितलंय ते थोडक्यात मांडते. वय ३४. डाव्या खालच्या दाढेला काहीच त्रास नाही, पण तपासणीत काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन दाढांच्या मधल्या बाजूला कीड दिसली आणि डॉक्टरांनी फिलिंग करायला सांगितलं. उजव्या खालच्या दाढेत तीन वर्षांपूर्वी पांढरं फिलिंग केलं होतं. ते गेल्या महिन्यात निघालं आणि खाली पुन्हा काळं दिसतंय. म्हणून तुम्ही विचारताय: दुखत नसताना दाताला मशीन कशाला लावून घ्यायचं? फिलिंग तीन वर्षांत निघणार असेल तर त्याने दात बरा होतो की नुसतं भोक बुजतं? आणि चांदी भरावी की पांढरं सिमेंट?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत. फिलिंगने कीड बरी होत नाही. कीड हा आजार आहे आणि भोक ही त्या आजाराने केलेली नासधूस. फिलिंग नासधुशीची दुरुस्ती करतं. छप्पर गळत असेल आणि ओल येऊन भिंतीचं प्लास्टर पडलं असेल, तर नवं प्लास्टर कितीही चांगलं केलं तरी पुढच्या पावसात ते फुगतं. मी दात भरायला लागून २२ वर्षं झाली. फिलिंग निघालं म्हणून परत येणाऱ्या लोकांमध्ये मटेरियलच खराब निघालं असं क्वचित असतं. बहुतेक वेळा एक तर फिलिंगची कड कुठेतरी सुटलेली असते, नाही तर कीड लागायची कारणं तशीच चालू असतात. पुष्कळदा दोन्ही असतं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यांत कठीण भाग. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नसतात. कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर सांधतं. इनॅमलला एकदा भोक पडलं की ते आपलं आपण भरून येत नाही. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ ते आम्ल निवळते आणि खनिज परत आणून बसवते. याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी तासभर. खनिज जाणं आणि परत येणं हे तोंडात रोज चालू असतं. जाणं जास्त आणि येणं कमी असं महिनोन् महिने झालं की कीड लागते.

त्यामुळे दिवसभरात साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दातांना जास्त भोवतं. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या संस्थेत, १९४५ ते १९५५ या काळात यावर अभ्यास झाला. ज्या माणसांवर तो केला त्यांची संमती घेतलेली नव्हती, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी सांगते, कारण आपल्याला हे ज्ञान त्यांच्या दातांच्या मोलाने मिळालं आहे. त्यात दिसलं ते असं: जेवणाबरोबरच साखर घेणाऱ्यांपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड खात राहणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. लाळेला तिचं काम पूर्ण करायला वेळच मिळत नाही.

आता दुखत का नाही ते बघू. इनॅमलमध्ये नस नसते, म्हणून तिथली कीड जाणवतच नाही. इनॅमलच्या खाली डेंटिन असतं. ते इनॅमलपेक्षा मऊ असतं, खनिज साधारण ७० टक्के, आणि त्यात नसेच्या दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. कीड इनॅमलमधून खाली उतरली की डेंटिनमध्ये आडवी पसरते. त्यामुळे बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका किंवा नुसती करडी छाया दिसते आणि आत पोकळी बरीच मोठी असते. नसेलाही स्वतःचा बचाव करता येतो: कीड हळू येत असेल तर ती आतून नव्या डेंटिनचा थर चढवत मागे सरकते. हा बचाव चालू असतो तोवर दाढ गप्प असते. थंड लागून कळ यायला लागते तेव्हा कीड बहुधा बरीच आत गेलेली असते, आणि रात्री ठणका लागतो तेव्हा साध्या फिलिंगची वेळ निघून गेलेली असते. दुखत नाही हे थांबायचं कारण होऊ शकत नाही. फिलिंग लहान, उथळ आणि टिकाऊ होण्याचा काळ नेमका तोच असतो.

पण म्हणून एक्स-रेत दिसलेल्या प्रत्येक काळ्या छायेला मशीन लावायचं असंही नाही. तुमच्या डाव्या दाढेचं उत्तर इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तो एक्स-रे मी पाहिलेला नाही. छाया इनॅमलपुरतीच असेल आणि दाताचा पृष्ठभाग फुटलेला नसेल, तर मी अशा दाताला हात लावत नाही. फ्लोराइडचं वार्निश, रोज त्या फटीत फ्लॉस (दातांच्या मध्ये घालून साफ करायचा बारीक दोरा), खाण्याच्या वेळांत बदल, आणि सहा महिने ते वर्षभराने पुन्हा एक्स-रे. अशा छाया वर्षानुवर्षं जागच्या जागी थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. छाया डेंटिनमध्ये स्पष्ट शिरली असेल तर तिथे पृष्ठभाग बहुधा फुटलेला असतो. त्या खड्ड्यात जंतूंचा थर बसतो, ब्रश किंवा फ्लॉस तिथे पोचत नाही, आणि मग भरण्यावाचून इलाज नसतो. एक्स-रेत छाया दिसण्याआधी तिथलं ३० ते ४० टक्के खनिज गेलेलं असावं लागतं, म्हणून कीड प्रत्यक्षात चित्रापेक्षा थोडी पुढेच असते हेही लक्षात ठेवा.

या दोन्हींच्या सीमेवर छाया असेल, म्हणजे डेंटिनला नुसती टेकलेली, तर मी दोन दाढांच्या मध्ये रबराची छोटी रिंग बसवते. दात सरळ करण्याच्या उपचारात वापरतात तीच. एक-दोन दिवसांत फट जरा उघडते, मग पृष्ठभाग अख्खा आहे की फुटलाय हे डोळ्यांनी बघता येतं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण त्या दोन दिवसांमुळे कित्येक दाढा मशीनपासून वाचल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: ‘छाया इनॅमलमध्येच आहे की डेंटिनपर्यंत गेली आहे, मला एक्स-रेवर दाखवाल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही, उलट खुर्ची जवळ ओढून दाखवतो.

भरायचंच ठरलं तर त्या तासाभरात काय होतं ते सांगते, कारण फिलिंग टिकणार की नाही हे तिथेच ठरतं.

भूल देऊन झाली की मी शक्यतो रबर डॅम लावते. रबराचा पातळ पडदा असतो, त्यातून फक्त काम करायचा दात वर येतो आणि बाकी तोंड खाली झाकलं जातं. ही युक्ती १८६४ ची आहे, आणि पांढऱ्या फिलिंगसाठी आजही तिच्याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. मग मशीनने वरचं कवच उघडायचं. खालची मऊ कीड मात्र मी मशीनने काढत नाही, हाताने काढते. त्यासाठी टोकाला चमच्यासारखी वाटी असलेलं लहान अवजार असतं. किडलेलं डेंटिन त्याने पापुद्र्यासारखं, ओलसर, तपकिरी असं सोलून निघतं. थोडं खाली गेलं की चिवट लागतं, चामड्यासारखं. आणि निरोगी डेंटिनवर वाटी पोचली की एक कोरडी करकर ऐकू येते. माझे बोट आणि कान या करकरीचीच वाट बघत असतात. रंगावर मी विसंबत नाही. काळं पण टणक डेंटिन पुष्कळदा थांबलेल्या जुन्या किडीचं असतं, आणि फिकट पिवळं पण मऊ डेंटिन हीच चालू असलेली कीड असते.

सगळीकडे एकच नियम लावायचा नसतो. खड्ड्याच्या कडांना आणि भिंतींना ती करकर आलीच पाहिजे, तिथे तडजोड नाही. तळाशी, नस जवळ असेल तर, चिवट थर मी मुद्दाम राहू देते. पूर्वी आम्हाला सगळं टणक लागेपर्यंत खरवडायला शिकवलं होतं, आणि त्या नादात नस उघडी पडून कितीतरी दातांचं रूट कॅनाल झालं. खोल किडीत तळाचं थोडं किडकं डेंटिन ठेवून वरून घट्ट बंद करावं, हे आता जगभर मान्य झालं आहे. बंद झालेल्या जंतूंना साखर मिळत नाही आणि कीड तिथेच निपचित पडते. पण हे सगळं ‘घट्ट बंद’ या दोन शब्दांवर टेकलेलं आहे. कडा निरोगी दातावर नसतील तर तळाशी ठेवलेला तोच थर घात करतो.

मग दात फिलिंगला धरतो कसा? १९५५ साली मायकल बुओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ ठेवून धुतलं तर त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खाचांनी भरून जातो आणि प्लास्टिकसारखं रेझिन त्या खाचांत शिरून पकडतं. आज आम्ही साधारण ३७ टक्क्यांचं आम्ल १५ ते ३० सेकंद लावतो. ते धुऊन हवेने वाळवलं की चकचकीत इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं. त्यावर बाँडिंगचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचा, पातळ थर, त्यावर कंपोझिट, म्हणजे तुम्ही पांढरं सिमेंट म्हणता ते. कंपोझिट म्हणजे रेझिन आणि काचेची बारीक पूड यांचं मिश्रण, निळ्या प्रकाशाने कडक होणारं. कडक होताना ते आकसतं, आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के. हा आकडा छोटा दिसतो, पण एवढं आकसणं कड ओढून सोडवायला पुरेसं असतं. म्हणून एकदम गोळा न भरता दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यायचे आणि प्रत्येक थरावर पुरेसा वेळ प्रकाश धरायचा. आता चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येणारी मटेरियल्सही आहेत, पण प्रकाश आतपर्यंत पोचायची अट त्यांनाही चुकत नाही.

या सगळ्यात लाळेचा एक थेंब किंवा हिरडीचं थोडं रक्त त्या खडूसारख्या पृष्ठभागावर आलं की पकड गेली. वरून काहीच कळत नाही. फिलिंग गुळगुळीत दिसतं, पेशंट समाधानाने घरी जातो, आणि वर्ष-दोन वर्षांनी कडेला तपकिरी रेघ दिसू लागते.

दोन दाढांच्या मधल्या किडीत आणखी एक अवघड जागा असते. तिथे भिंतच उरलेली नसते, म्हणून धातूची पातळ पट्टी दाताभोवती गुंडाळून तात्पुरती भिंत उभी करायची आणि हिरडीजवळ लहान पाचर ठोकून ती पट्टी दाताला दाबून धरायची. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी मी एका बाईंच्या खालच्या दाढेत असं फिलिंग केलं होतं. रंग इतका जुळला होता की मला स्वतःला अभिमान वाटला. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. फिलिंग जागेवर होतं, पण प्रत्येक जेवणात तिथे अन्न अडकत होतं आणि हिरडी सुजून लाल झाली होती. मी फ्लॉस घातला तर तो कुठेही न अडता सरळ खाली गेला. शेजारच्या दाढेला माझं फिलिंग टेकतच नव्हतं. पट्टीला फुगवटा द्यायला आणि पाचर नीट दाबायला मी चुकले होते. ते फिलिंग काढून पुन्हा केलं. त्या दिवसापासून फ्लॉस घालून ‘टक्’ असा आवाज आल्याशिवाय मी पेशंटला खुर्चीवरून उठू देत नाही. तुम्हीही फिलिंगनंतर घरी हे करून बघा. फ्लॉस थोडा अडून टक् करून उतरला पाहिजे आणि न फाटता वर आला पाहिजे. फाटत असेल तर कडेला मटेरियल बाहेर आलं आहे; न अडता जात असेल तर टेकण नाही. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगण्यासारख्या आहेत, त्यात संकोच कसला.

आता उजव्या दाढेकडे येते. ते फिलिंग का निघालं असेल हे न बघता छातीठोक सांगता येणार नाही, पण मी कुठे बघेन ते सांगते. निघालेला तुकडा ठेवला असेल तर तो नक्की घेऊन जा. माझ्या अनुभवात तो तुकडा पुष्कळ बोलतो. त्याची आतली बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर पकडच नीट बसली नव्हती, बहुधा ओलाव्यामुळे. त्याला मऊ, काळपट दात चिकटून आला असेल तर खाली कीड चालू होती आणि तिने पायाच पोखरला. तिसरी शक्यता म्हणजे दाढेचा एखादा सुळका, म्हणजे चावायच्या बाजूचा उंचवटा, तुटून त्याच्याबरोबर फिलिंग गेलं. फार मोठं फिलिंग असेल, दोन्हीकडच्या भिंती पातळ उरल्या असतील, किंवा झोपेत दात खायची सवय असेल तर असं होतं. कारण कुठलं त्यावर पुढचा उपाय बदलतो. पकड गेली असेल तर काळजीपूर्वक पुन्हा भरलं की झालं. भिंती पातळ असतील तर पुन्हा तसंच फिलिंग करणं म्हणजे पुन्हा तुटायला तयार राहणं. तिथे सुळके झाकणारा ऑनले (बाहेर तयार करून दाढेवर चिकटवायचा तुकडा) किंवा कॅप लागते. आणि कीड चालू असेल तर दाताच्या आधी तोंडाचा विचार करावा लागतो.

इथवरचं दोन वाक्यांत: भोक भरणं आणि कीड थांबवणं ही वेगळी कामं आहेत, आणि भरलेलं टिकतं ते निरोगी, कोरड्या कडांवर. मटेरियलचा प्रश्न त्यानंतर येतो.

चांदी म्हणतात ते अमाल्गम. त्यात वजनाने जवळजवळ अर्धा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. दीडशेहून जास्त वर्षं वापरात असलेलं हे मटेरियल आहे आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. थोडा ओलावा ते सहन करतं, चावण्याचा दाब पेलतं, आणि काळाबरोबर त्याच्या कडेला गंज साचून फट आपोआप बुजत जाते. मागच्या दाढांत ते सरासरीने कंपोझिटपेक्षा जास्त टिकतं असं तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावं म्हणून आत रुंद, वर अरुंद असा खड्डा करावा लागतो आणि त्यासाठी चांगला दातही कापावा लागतो. तुमच्या डाव्या दाढेसारख्या लहान किडीत मला तो सौदा पटत नाही. शिवाय पाऱ्याचं प्रदूषण कमी करण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता करारानंतर जगभर अमाल्गम कमी होत चाललंय. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अगदी वैद्यकीय गरज असेल तेवढं सोडून, ते बंद केलं. तोंडात जुनी चांदी धड असेल तर मात्र ती केवळ भीतीपोटी काढू नका. काढतानाच पाऱ्याची वाफ सगळ्यांत जास्त निघते, आणि चांगला दातही थोडा जातो.

तिसरा पर्याय ग्लास आयनोमर. ब्रिटनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या सुमारास तयार केलेलं हे सिमेंट दाताला रासायनिक बंधाने चिकटतं, थोड्या ओलाव्यातही, आणि फ्लोराइड सोडत राहतं. चावण्याच्या दाबाला ते कंपोझिटइतकं टिकत नाही. हिरडीजवळच्या, मुळावरच्या किडीत, लहान मुलांच्या दुधाच्या दाढांत, आणि जिथे कोरडं ठेवणं अशक्य आहे तिथे मी तेच वापरते. खोल किडीत नस कशी वागते ते काही महिने बघायचं असेल तरी हेच भरून ठेवते.

म्हणजे तुमच्या डाव्या दाढेत, भरायचीच असेल तर, मी कंपोझिट भरेन, जर डॉक्टर रबर डॅम किंवा निदान नीट कोरडं ठेवायची सोय करणार असतील. उजवीत काय, ते भिंती किती उरल्यात यावर. पांढरं भरलं म्हणून निघालं, आता चांदी भरा, असा सरळ हिशोब इथे नाही.

उजवीबद्दल नसेचा मुद्दा आहे. पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. थंड लागल्यावर कळ येते आणि थंड गेल्यावर काही सेकंदांत थांबते, तर नस चिडलेली आहे पण सावरू शकते. अशी दाढ वेळेत भरली तर बहुधा शांत होते. कळ मिनिटभर किंवा जास्त रेंगाळते, गरमाने वाढते, काहीच न खाता आपोआप सुरू होते किंवा झोपेतून उठवते, तर नस सावरण्याच्या पलीकडे गेलेली असू शकते आणि रूट कॅनालची गोष्ट निघेल. आणि महत्त्वाचं: आठवडाभर जोरात दुखून एकदम थांबलं तर ते बरं झालं असं समजू नका. नस मेली तरी दुखणं असंच थांबतं, आणि काही आठवड्यांनी गालावर सूज येते.

खोल फिलिंगआधी मी पेशंटला स्पष्ट सांगते की आपण नस वाचवायचा प्रयत्न करतोय, यश येईलच याची हमी नाही. नंतर रूट कॅनाल लागलं तर फिलिंग वाया गेलं असं वाटू देऊ नका. नस वाचण्याची संधी सोडण्यापेक्षा ते बरं.

भरल्यानंतरचं थोडं. खालच्या दाढेची भूल दोन-तीन तास राहते. तोवर खाऊ नका, नाही तर ओठ-गाल नकळत चावला जातो. थंडाने शिवशिवणं एक-दोन आठवडे चालतं आणि कमी होत जातं. पण दात मिटल्यावर नवं फिलिंगच आधी टेकत असेल, किंवा चावताना टोचून दुखत असेल, तर ते उंच राहिलंय. ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका. रंगीत कागद दातांत धरून, उमटलेला ठिपका घासून काढायला पाच मिनिटं लागतात. भूल असताना पेशंटला नीट चावता येत नाही, त्यामुळे केसभर उंची राहून जाणं हे कुठल्याही चांगल्या डॉक्टरच्या हातून होतं.

आता छपराकडे, म्हणजे कारणांकडे. ३४ व्या वर्षी डावीकडे नवी कीड आणि उजवीकडे फिलिंगखाली पुन्हा कीड, हे दोन्ही एकत्र आलं की माझ्या मनात प्रश्न उठतो: तीन वर्षांत तुमच्या दिवसात काय बदललं? कामाच्या वेळा बदलल्यावर गोड पेयाचा कप तासन् तास घोट-घोट चालू राहणं मी खूप पाहिलंय. दुसरं कारण कोरडं तोंड. नैराश्याची, ॲलर्जीची, रक्तदाबाची काही औषधं लाळ कमी करतात. माझ्याकडे एक पेशंट दर सहा महिन्यांनी नवी कीड घेऊन यायचे. ब्रश उत्तम, गोड जवळजवळ नाही. शेवटी कळलं की नव्या गोळीपासून रात्री उशाशी पाणी ठेवावं लागत होतं, आणि घसा सुकतो म्हणून ते दिवसभर गोड गोळ्या चघळत होते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून औषध बदललं, गोळ्या बिनसाखरेच्या झाल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत मला एकही दात भरावा लागला नाही. अशी औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत, पण दातांच्या डॉक्टरांना त्यांची यादी जरूर दाखवा.

फ्लोराइडची पेस्ट घ्या, ट्यूबवर १००० ते १५०० पीपीएम असं लिहिलेली. दिवसातून दोनदा, आणि रात्रीचं ब्रश झाल्यावर काहीही खायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते. फेस थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातावर राहिलं तरच काम करतं. एवढी एक सवय सांगितली तरी लोकांना नवल वाटतं, वर्षानुवर्षं उलटं केलेलं असतं. आणि दोन दाढांच्या मध्ये ब्रश जात नाही. तुमची डावीकडची कीड नेमकी तिथेच लागली आहे. तिथे फ्लॉसच लागतो.

एक गोष्ट पुढच्यासाठी. फिलिंगची कड एखाद्या ठिकाणी तुटली किंवा डागाळली तर अख्खं फिलिंग काढायची घाई करू देऊ नका. प्रत्येक वेळी काढून नवं करताना खड्डा थोडा मोठा होतो: लहानाचं मोठं फिलिंग, मोठ्याची कॅप, कॅपनंतर रूट कॅनाल, असा दाताचा उतार सुरू होतो. बाकीचं धड असेल तर तेवढीच जागा उघडून डागडुजी करता येते, आणि अशा डागडुजीवर मी भरलेले दात वर्षानुवर्षं चाललेले पाहिले आहेत.

तर क्रम असा ठेवा. डावी दाढ काही आठवडे थांबू शकते. एक्स-रे नीट समजून घ्या, मग ठरवा. उजवी थांबू शकत नाही. तिचं कवच उघडं आहे, डेंटिन थेट तोंडात आहे आणि प्रत्येक खाण्याबरोबर आत जंतूंना साखर मिळतेय. याच आठवड्यात वेळ घ्या. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका, म्हणजे पातळ राहिलेली भिंत फुटणार नाही. पण ब्रश करताना ती जागा टाळू नका, मऊ ब्रशने खड्डा स्वच्छ ठेवा. वेळ मिळायला उशीर होणार असेल तर निदान तात्पुरतं सिमेंट भरून द्या असं सांगा. ते दहा मिनिटांचं काम आहे. आणि जाताना तो तुकडा विसरू नका.